पाणी संपते तिथपर्यंत...

मागच्या महिन्यात आई-बाबांना मुंबई दाखवायला घेऊन गेलो होतो. नागपूरकराला समुद्राचं काय अप्रूप असतं ते मुंबईकरांना नाही कळायचं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अख्खा विदर्भ पालथा घातलाय, पण समुद्र पहिल्यांदाच बघत होते. जुहूला पाण्यात पाय बुडवून बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले,

"कारे, हे पाणी जिथं संपते ना, ते इथून किती दूर असन?"

"असेल पन्नास-साठ किलोमीटर," मी ठोकून दिलं. ऑफिसात 'दोन दिवसांत होऊन जाईल' म्हणतो, अगदी त्याच आत्मविश्वासाने.

"मंग ते जहाज अर्धंच काऊन दिसते?"

लांबवर एक जहाज होतं खरं. वरचा भाग दिसत होता, खालचा नाही.

"धुकं असेल बाबा."

झालं, विषय संपला. आम्ही भेळ खाल्ली आणि परत आलो. पण रात्री हॉटेलवर झोप येईना. काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. शेवटी उठलो, रेल्वेच्या तिकिटाच्या प्रिंटआउटची मागची बाजू घेतली आणि आकृती काढली. एक गोल, त्यावर उभा माणूस, त्याच्या डोळ्यापासून गोलाला स्पर्श करणारी रेषा. स्पर्शबिंदूपाशी काटकोन, म्हणजे साधा पायथागोरस. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून आकडेमोड केली की फार सोपं सूत्र मिळतं: डोळ्यांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये.

बाबांच्या डोळ्यांची उंची १.६ मीटर धरली. उत्तर आलं साडेचार किलोमीटर! हवेत प्रकाश किंचित वाकतो म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त, पाचच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण 'अथांग' वगैरे म्हणतो, तो किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र आमच्या बर्डीपासून एअरपोर्टएवढासुद्धा नाही.

मग ते साठ किलोमीटर कुठून दिसले असते? उलटा हिशेब केला: साधारण २८० मीटर उंचीवरून. इथे मला झिरो माइल आठवला. त्याच्या खांबाजवळच्या दगडावर १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२० फुटांहून थोडी जास्त, म्हणजे ३११ मीटर. नागपूर आहे त्या उंचीवर उचलून जुहूच्या किनाऱ्याला लावलं, तर झिरो माइलवरून ६३ किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसेल. थोडक्यात काय, माझं उत्तर बरोबर होतं, फक्त गाव चुकलं :-)

आता ते अर्धं जहाज. समजा ते वीस किलोमीटरवर असेल, तर हवेचा परिणाम सोडून त्याचा खालचा १८-१९ मीटरचा भाग पाण्याच्या फुगवट्याआड जातो. धुकं कसलं आलंय!

आणि खरी लाज इथेच वाटली. 'पृथ्वी गोल असल्याचे पुरावे लिहा' हा प्रश्न मी शाळेत किती वेळा सोडवला असेल. 'दूरवरून येणाऱ्या जहाजाचे आधी शीड दिसते, मग खालचा भाग दिसतो.' पैकीच्या पैकी मार्क. पुढे इंजिनीअरिंगला गणिताचे चार पेपर. आणि तोच पुरावा साक्षात समोर उभा राहिला तेव्हा तो ज्यांनी पाहिला ते बाबा दहावी पास, आणि 'धुकं असेल' म्हणून तो पुसून टाकणारा मी.

मला वाटतं, पाठ केलेल्या उत्तराचा खरा तोटा हा आहे. ते विसरलं जातं हे ठीक आहे, पण ते आपली बघण्याची सवयच मोडतं. उत्तर आधीच खिशात आहे म्हटल्यावर कोण कशाला मान वर करून बघेल? त्यापेक्षा 'किनाऱ्यावर उभं राहून किती लांबचं दिसेल, काढा' एवढा एकच प्रश्न दहावीला विचारला तरी चालेल. पायथागोरस तेव्हा येतोच. समुद्र नसला तरी अडत नाही, कागद पुरतो.

आपल्याकडे याचा वारसा नाही असंही नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासला भारताच्या महा-सर्वेक्षणाची सुरुवात केली, त्यामागे पृथ्वीचा नेमका आकार शोधणं हाही हेतू होता. दूरचा बिंदू दिसावा म्हणून ही माणसं अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट घेऊन डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढायची. तंजावरला ते वर चढवताना आपटून खराबसुद्धा झालं. वीस वर्षं असं मोजत मोजत लॅम्बटन नागपूरकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं हिंगणघाट! बाबांनी तिथून किती वेळा गाडी नेली असेल. त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही.

असो. सकाळी चहा घेताना बाबांना सगळं सांगितलं. तिकिटावरची आकृती दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली, थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग त्या जहाजावरच्या माणसाले आपण दिसत होतो काय?"

यावेळी मी काही ठोकून दिलं नाही. पेन शोधायला लागलो.