ब्रेक नवे, पेडल मऊ!

मंडळी, ब्रेकचे काम करून घ्यावे, बिल चुकते करावे, गाडीत बसावे आणि पेडलवर पाय ठेवताच तो उशीत रुतल्यासारखा खाली जावा, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. पॅड नवे, डिस्क नवी, मग हे काय? मिस्त्री छातीठोकपणे सांगतो, "साब, नया माल है, दो दिन चलाओ, सेट हो जायेगा." ह्या एका वाक्यासाठी आम्ही ह्या वेळचे अख्खे सदर खर्ची घालत आहोत. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला थोडे अंतर जावे लागते हे खरे, आणि तोवर ब्रेक किंचित कमी धरतो. पण पेडल स्पंजासारखे लागणे ही अगदी वेगळी गोष्ट. ती दोन दिवसांतच काय, दोन वर्षांतही आपोआप बरी होत नाही.

ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. एकदा दाबून ब्रेक लागला नाही म्हणून पुन्हा दाबावा लागला, तर तेवढ्या सेकंदभरात शेख झायेद रोडवर पुढची गाडी कुठे असेल, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

कारण साधे आहे. आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत जातो तो नळ्यांतल्या द्रवामार्फत. द्रव दाबून आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आपला पाय आधी तो बुडबुडा दाबत बसतो, ब्रेक नंतर. कॅलिपर, होज किंवा मास्टर सिलिंडर बदलताना नळी उघडावीच लागते आणि तिथे हवा शिरते. आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, "एअर धरली." ती काढणे म्हणजे ब्लीडिंग.

पण प्रत्येक मऊ पेडल म्हणजे हवा नव्हे, आणि हे निदान घरच्या पार्किंगमध्ये, हात काळे न करता करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. दाबता दाबता ते वर येऊन कडक झाले, आणि थोडे थांबून दाबल्यावर पुन्हा मऊ, तर बहुधा हवाच. पेडल बरेच खाली जाते पण तिथे दगडासारखे थांबते, तर मागच्या ड्रमचे लायनर अॅडजस्ट करायचे राहिले असतील. पाय तसाच दाबून धरला असता पेडल हळूहळू फरशीकडे सरकत गेले, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. अशी गाडी चालवू नका, रिकव्हरीवाल्याला बोलवा. (पाय ठेवून इंजिन चालू केल्यावर पेडल इंचभर खाली जाते, ते मात्र ठीक. तो बूस्टर जागा झाल्याचा पुरावा आहे.)

फक्त पॅड बदलले असतील आणि नळी उघडलीच नसेल, तर हवेचा संबंध नाही. पॅड घालताना पिस्टन मागे ढकललेला असतो. तो पुढे येईपर्यंत, गाडी जागेवरून हलवण्याआधीच, पेडल दाबत राहावे. तरीही मऊ लागले तर पॅड वाकडा बसला आहे का, कॅलिपरच्या पिना जाम आहेत का ते पाहावे. रबरी होजही तपासावे. इथल्या उन्हात रबर लवकर म्हातारे होते आणि मग ते दाबाखाली फुगते.

आता एक किस्सा. आमचे एक स्नेही पुढचे दोन्ही कॅलिपर बदलून आले. पेडल मऊ. तीनदा ब्लीडिंग झाले, तीन बाटल्या संपल्या, पेडल होते तसेच. चौथ्या वेळी दुसऱ्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक काढले आणि नुसते बघून हसला. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता! त्यामुळे हवा काढायचा निपल वर यायचा तो खाली गेला होता. हवा नेहमी वर चढते. खालच्या भोकातून तीनशे बाटल्या ओतल्या तरी वरचा बुडबुडा जागचा हलणार नाही. तेव्हा कॅलिपर बदलल्यावर निपल वरच्या अंगाला आहे ना, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी जरूर पाहा. त्याला तंत्रज्ञान लागत नाही.

घरी ब्लीडिंग करणारे उत्साही वाचकही आहेत, त्यांच्यासाठी. जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड लावा. सर्वसाधारण पद्धत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची. भारतात ते मागचे डावे. इथल्या लेफ्ट हँड गाडीत मागचे उजवे, त्यामुळे ठाण्या-पुण्याची सवय इथे उलटी पडते. काही गाड्यांत क्रम निराळा असतो, तेव्हा गाडीचे पुस्तक शेवटचा शब्द. निपलला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेले. गाडीत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरायचे, खालच्याने निपल पाव फेरा उघडून बंद करायचा, आणि तो बंद झाल्यावरच पाय उचलायचा. धपाधप पंपिंग केले तर बुडबुड्यांचा फेस होतो. बॉनेटखालची टाकी मध्येच रिकामी झाली तर सारे पहिल्यापासून.

हे काम दोघांचे, आणि संसारातले बरेच काही इथे कळते. "अहो, सोडू का?" "सोडतोय, थांब!" "सोडला!" इथेच घोळ होतो, कारण मराठीत नटही सोडतात आणि पायही सोडतात. आम्ही "दाबा", "धरा", "उचला" असे तीनच शब्द ठरवायला सांगतो. एबीएसच्या गाडीत हवा त्या युनिटमध्ये अडकली असेल, तर बऱ्याचदा स्कॅनर लावून त्याचे व्हॉल्व्ह चालवावे लागतात. तिथे घरगुती उत्साह आवरता घ्यावा.

आणखी एक गोष्ट. आपण सगळे "ब्रेक ऑइल" म्हणतो, पण ते तेल नव्हे. इंजिन ऑइलचा थोडासा अंश जरी त्यात गेला तरी आतली रबरे फुगून सगळी सिस्टीम निकामी होते. पार्ट पेट्रोलने धुण्याची सवयही ह्याच कारणाने वाईट. हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला काय तोटा! नवा डॉट ४ निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांवरही उकळू शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. म्हणून गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली वापरू देऊ नका, सीलबंद डबा समोर फोडायला सांगा. डॉट ५ हा सिलिकॉनचा, तो डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळायचा नाही. डॉट ५.१ चालतो. आकडे असे का ठेवले ते ठेवणाऱ्यांनाच ठाऊक.

ह्याचा प्रत्यय येतो तो घाटात. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना अल ऐनला, जेबेल हफीतवर नेतो. वर जाणारा रस्ता बारा किलोमीटरच्या आसपास, आणि वळणावर वळण. गाडीत सात जण, उतरताना पाय सतत ब्रेकवर. ब्रेक तापतात, पाणी मुरलेला द्रव उकळतो, वाफेचे बुडबुडे होतात, आणि सकाळी कडक असलेले पेडल दुपारी उतारावर फरशीला टेकते. तिथे नवे पॅड काही करू शकत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा खंडाळ्याच्या घाटातल्या ट्रकवाल्यांचा नियम ऑटोमॅटिक गाडीलाही लागू आहे. गिअरचा दांडा डी वरून खाली आणता येतो, तो त्यासाठीच.

"पण गाडी पासिंगला पास झाली की!" असे काही जण म्हणतील. तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी तपासणीला न्यावे लागतेच, आणि तिथे रोलरवर ब्रेकचा जोर आणि डाव्या-उजव्या चाकांतला फरक मोजतात. द्रवात किती पाणी मुरले आहे ते रोलरला कळत नाही. द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा. बदललात की बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी लावून तीवर तारीख आणि डॉटचा आकडा लिहून ठेवा. डबा उघडताना फेंडरवर जुनी चादर टाका, कारण हा द्रव सांडला तर रंग उडतो. सांडलाच तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.