रिकाम्या शंखातलं बिऱ्हाड

सहलीहून परतताना आपल्या पर्समधून काही ना काही घरी येतंच. पण गेल्या थंडीत माझ्या पर्समध्ये जे आलं, ते चक्क चालू लागलं!

त्याचं असं झालं. माझ्या नणंदबाई जामनगरला असतात. त्यांनी आम्हांला नराऱ्याला नेलं. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचाच हा भाग. हे उद्यान १९८२ साली झालं, आपल्या देशातलं या प्रकारचं पहिलं. इथे होडी नको की पोहणं नको. ओहोटीला समुद्र दूरवर मागे सरतो आणि आपण घोटाभर पाण्यातून, प्रवाळांच्या मधल्या वाटेनं चालत जातो. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या मात्र हवाच.

वाटाड्यानं एका दगडाकडे बोट दाखवलं. मला दगडच दिसला. तो हलला तेव्हा कळलं, ऑक्टोपस! रंग बदलून बसला होता. पुढे तारामासा, समुद्रकाकडी, फुलासारखे दिसणारे पण भक्ष्य पकडणारे प्राणी. मुलं हरखून गेली.

आणि मला दिसला एक सुरेख शंख. रिकामाच आहे असं वाटून हळूच रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. शोकेससाठी, दुसरं काय! थोड्या वेळानं धाकटी म्हणाली, "आई, तुझ्या पर्समध्ये कुणीतरी खरवडतंय."

आत खेकडा होता! वाटाड्यानं समजावलं, या खेकड्याचं पोट मऊ असतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईच्या शंखात बिऱ्हाड करतो. अंगानं वाढला की जागा अपुरी पडते, मग मोठा शंख शोधायचा. दोन खोल्यांत संसार केलेल्या आपल्याला हे निराळं सांगायला हवं का? म्हणजे शंख खरोखर रिकामा असला, तरी तो कुणाचं तरी पुढचं घर असतो.

एव्हाना भरती सुरू झाली होती. हे म्हणाले, "आता राहू दे, चल." पण धाकटी माझ्याकडे बघत होती. शाळेत मी मुलांना 'बागेतलं फूल तोडू नका' म्हणून शिकवते, आणि इथे? वाटाड्याबरोबर चार पावलं मागे जाऊन शंख पाण्यात ठेवला. खेकडा पाय काढून तुरुतुरु निघून गेला.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा आधी चौकशी करा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत मागे हटतं. पायात चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट बरे. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीचं. प्रवाळावर पाय देऊ नका, कशाला हात लावू नका. आणि वाटाड्या 'परत फिरा' म्हणाला, की आणखी पाच मिनिटं मागू नका.

राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणं हा गुन्हा आहेच. पण घरी आल्यावर धाकटीनं शोकेसमधल्या पांढऱ्या प्रवाळाकडे बोट दाखवून विचारलं, "आई, यात कोण राहायचं गं?" लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत हौसेनं घेतलेलं ते. मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुमच्या शोकेसमध्ये काय आहे, जरा बघा बरं!