विश्लेषण : ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये ॲडिटिव्ह टाकल्याने खरेच फायदा होतो का?

डिझेल वाचते, धूर कमी होतो, नोझल साफ राहते, असे सांगून इंधनात टाकायच्या बाटल्या विकल्या जातात. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे मशागतीचा मोठा खर्च डिझेलवरच होतो, तिथे या दाव्यांना गिऱ्हाईक मिळणे साहजिक आहे. पण पंपावरच्या डिझेलमध्ये आधीच काय असते आणि बाटलीतून त्यात नेमकी कशाची भर पडते?

प्रश्न आताच का?

सोयाबीन निघाले की हरभऱ्यासाठी रान तयार करायचे, त्यामुळे घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार पट्ट्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन खोल, काळी आणि चिकट. तिथे नांगराला जोर जास्त लागतो आणि डिझेलही. हा खर्च फक्त ट्रॅक्टरमालकाचा नसतो. ज्याच्या दारात ट्रॅक्टर नाही, तो एकरी भाड्यातून तोच पैसा भरतो.

त्यात २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवरून देशभर वाद झाला आणि डिझेलविषयीही शंका निघू लागल्या. पंपावरच्या डिझेलमध्ये इथेनॉल मिसळले जात नाही. डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू असल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले होते. बायोडिझेलचे मिश्रण मात्र चालते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेलचे उद्दिष्ट आहे.

पंपावरच्या डिझेलमध्ये आधीच काय असते?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग असते. बीएस-४ मध्ये ते ५० आणि बीएस-३ मध्ये ३५० होते. 'गंधक काढले म्हणजे वंगण गेले, आता पंप घासणार' ही समजूत इथूनच आली. ती अगदीच निराधार नाही. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला नैसर्गिक वंगणगुण देणारे काही घटकही निघून जातात. पण तेल कंपन्या हे जाणतात. भारतीय मानक आयएस १४६० मध्ये वंगणगुणाची चाचणी आहे. ठरावीक पद्धतीने धातूवर धातू घासल्यावर पडणारा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. त्यासाठी लागणारे वंगणकारक रसायन डिझेल पंपावर येण्याआधीच मिसळलेले असते. म्हणजे ॲडिटिव्ह टाकायचे की नाही, हा प्रश्न पडण्याआधीच टाकीत एक ॲडिटिव्ह असते.

सीटेन क्रमांकाचेही तसेच. डिझेल किती चटकन पेट घेते, हे त्यावरून कळते. मानकानुसार तो किमान ५१ हवा. सीटेन वाढवणाऱ्या बाटलीचा उपयोग हलक्या डिझेलला किंवा कडाक्याच्या थंडीत सुरू न होणाऱ्या इंजिनाला होतो. तीच गोष्ट डिझेल गोठू न देणाऱ्या रसायनांची. हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा प्रवाहबिंदू ३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावा लागतो. बुलढाण्याच्या थंडीत डिझेल गोठण्याची भीती बाळगायचे कारण नाही. ही बाटली लडाखमध्ये कामाची.

मग १५-२० टक्के बचतीचा दावा?

इथे हिशेब सोपा आहे. दावा असा असतो, की रसायनामुळे डिझेल 'पूर्ण जळते'. पण व्यवस्थित चालणाऱ्या डिझेल इंजिनात आत गेलेल्या इंधनापैकी ९८ टक्क्यांहून अधिक इंधन आधीच जळत असते. न जळणारा भागच एक-दोन टक्के असेल, तर तो जाळून १५ टक्के बचत कुठून येणार? इंजिनात वाया जाते ती उष्णता. डिझेलमधल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच कामाला येते, बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. बाटलीतले रसायन हे गणित बदलत नाही.

पैशाचाही हिशेब मांडावा. समजा ३०० रुपयांची बाटली ६० लिटर डिझेलला पुरते. म्हणजे लिटरमागे ५ रुपये. डिझेल ९० रुपये धरले, तर नुसता बाटलीचा खर्च भरून निघायला साडेपाच टक्के बचत व्हायला हवी. त्यानंतर फायदा सुरू.

'आमच्या गावात एकाला फरक पडला' हे सांगणारे खोटे बोलतात असे नाही. पण शेतात पाच टक्क्यांचा फरक ओळखणे फार कठीण. ओल कमी-जास्त झाली, फाळ बोटभर खोल गेला, चालक बदलला, तरी डिझेलचा खप याहून अधिक हलतो. खरेच पडताळायचे तर एकच शेत, तेच अवजार, तोच गिअर आणि तोच चालक हवा. सपाट जागी टाकी तोंडोतोंड भरून काम करायचे आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरताना किती लिटर बसले ते मोजायचे. तेही एकदा नव्हे, बाटलीसह आणि बाटलीविना आलटून पालटून तीन-चार वेळा.

कोणतेच ॲडिटिव्ह उपयोगाचे नाही का?

तसे नाही. नोझलवर साचलेला थर काढणारी शोधक रसायने खरोखर काम करतात. तेल कंपन्यांच्या महागड्या डिझेलमध्ये, जसे इंडियन ऑइलचे एक्स्ट्राग्रीन, अशीच रसायने असतात. पण त्यांची मर्यादा ओळखावी. थरामुळे गेलेली ताकद त्यांनी परत येऊ शकते. नव्या इंजिनात नव्हती ती ताकद येत नाही. आणि झिजलेली नोझल कोणत्याही बाटलीने बरी होत नाही, ती कॅलिब्रेशनच्या दुकानातच न्यावी लागते. जुन्या ट्रॅक्टरच्या टाकीत वर्षानुवर्षांचा गाळ असेल, तर असे रसायन टाकल्यावर तो सुटून फिल्टर तुंबतो. मग 'औषधाने ट्रॅक्टर बंद पडला' अशी तक्रार होते.

खरा शत्रू कोण?

पाणी. बाटल्यांच्या जाहिरातींत हा विषय सर्वात मागे असतो, आणि ग्रामीण भागात पंप-नोझलची कामे निघण्यामागे तो बऱ्याचदा सर्वात पुढे असतो. हंगाम संपला की ट्रॅक्टर अर्ध्या टाकीवर उभा राहतो. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होऊन आत ओघळते. शेतात डिझेल कॅनमधून नेले जाते, ड्रम उघड्यावर असतो, पावसात ओतताना चार थेंब आत जातात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. तिथे गंज धरतो आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढून बुळबुळीत साय तयार होते. फिल्टर वारंवार तुंबू लागतो.

यावर उपाय बिनखर्चाचे आहेत. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवणे, फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून साचलेले पाणी काढणे, कॅनमधले डिझेल जाळीतून आणि तळाचे चार बोटे सोडून ओतणे, फिल्टर ठरल्या तासांना बदलणे. साय धरलीच असेल तर जंतुनाशक ॲडिटिव्हचा उपयोग आहे, पण टाकी धुतल्यावर. आधी टाकले तर मेलेली साय फिल्टरमध्येच जाऊन बसते. आणि 'पाणी विरघळवणारी' रसायने टाळलेलीच बरी. फिल्टरने पाणी अडवायचे असते. हे रसायन तेच पाणी डिझेलमध्ये मिसळून फिल्टरपलीकडे, थेट नोझलपर्यंत पोहोचवते.

जुना ट्रॅक्टर आणि नवा ट्रॅक्टर, दोघांना एकच नियम?

नाही. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून 'ट्रेम-४' प्रदूषण निकष लागू झाले आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल यंत्रणा आली. तिथे दाब प्रचंड आणि भागांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी बारीक. लोह, मँगनीज यांसारखे धातू असलेली रसायने जळल्यावर राख सोडतात, ती अशा यंत्रणेला आणि धुराड्यातल्या शुद्धीकरण भागाला मानवत नाही. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरमध्ये काहीही टाकण्याआधी कंपनीची पुस्तिका पाहावी.

जुन्या यांत्रिक पंपाचे ट्रॅक्टर अधिक सोशिक असतात, म्हणून त्यांच्यावर प्रयोगही जास्त. रॉकेल मिसळल्याने नोझल साफ होते हा जुना समज. प्रत्यक्षात रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, त्याने पंपाचे वंगण आणखी घटते. दुचाकीचे टू-टी ऑइल टाकणारे वंगणाचे कारण देतात, पण ते वंगण डिझेलमध्ये आधीच आहे. ट्रकवाल्यांकडे पाहून होणारा एक गोंधळ तर महागात पडणारा आहे. नव्या ट्रकमधले 'डीईएफ' म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे पाणी. त्याची टाकी वेगळी असते. ते डिझेलच्या टाकीत गेले, तर गाडी सुरू न करता टाकी उतरवणे एवढेच हाती उरते.

मग डिझेल वाचते कशात?

धुळीने भरलेला एअर क्लीनर, चाकांची घसरण, चुकीची हवा, हलक्या कामाला पूर्ण थ्रॉटल. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी किंवा बोजा जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. निळ्या धुरावर डिझेलच्या बाटलीचा काही इलाज नाही. हलक्या कामाला वरचा गिअर टाकून थ्रॉटल कमी ठेवणे, ही सवय एकट्याने बाटलीहून अधिक वाचवते. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याने मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल मागावा. त्यात इंधनाच्या खपाचे मोजलेले आकडे असतात.

डिझेलवरच संशय असेल तर?

त्याचे उत्तर बाटलीत नाही, पंपावर आहे. ग्राहकाने मागितल्यास पंपचालकाला घनता मोजून दाखवावी लागते. १५ अंशांना आणलेला तो आकडा टँकरच्या चलनावरील नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून अधिक वेगळा नसावा. माप कमी वाटले, तर पाच लिटरचे प्रमाणित माप भरून पाहता येते. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचीच तफावत चालते. पावती जपून ठेवली, तर तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे, जिल्हा पुरवठा कार्यालयात आणि मापाबाबत वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.