पाकी फक्त मुलींनाच का शिकवायची?

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. परंपरेने ख्रिस्ती माणूस देह दफन करतो, कारण हे शरीर एक दिवस पुन्हा उठवलं जाणार अशी त्याची श्रद्धा आहे. आपलीही तीच आहे. आपण मय्यतीला गुस्ल देतो तेव्हाही नाफेपासून गुडघ्यापर्यंत कपडा टाकलेला असतो. मेलेल्या देहाची एवढी हया राखणारे आपण जिवंत देहाबद्दल मुलांना काय शिकवतो?

ख्रिस्ती धर्मात या विषयाचा मोठा आधार म्हणजे पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. त्यात तो सांगतो की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे मालक नाही, म्हणून शरीरानेही देवाचा मान राखा. आपण शरीराला मंदिर म्हणत नाही, अमानत म्हणतो. ख्रिस्ताच्या बलिदानाने माणूस विकत घेतला गेला, हेही आपण मानत नाही. फरक आहे आणि तो राहणार. पण मालक अल्लाह आहे आणि हिशेब द्यायचा आहे, इथे दोघे एकत्र येतात. सूरह यासीन सांगते की त्या दिवशी हात बोलतील आणि पाय साक्ष देतील.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. पौल त्या ठिकाणी मुलींच्या कपड्यांबद्दल बोलत नाही. वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषांना तो खडसावतो आहे. भूक लागली की जेवतो, तसंच हेही, असं म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिथेही वाईट नजरेबद्दल जाब पाहणाऱ्याच्या डोळ्याला विचारला आहे. आणि सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, आयत ३० मध्ये. स्त्रियांचा उल्लेख त्यानंतर, आयत ३१ मध्ये येतो. हा क्रम आपण बयानात किती वेळा ऐकला?

आपल्या महाराष्ट्रात ही शिकवण कृतीत आणणारं नाव म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती सिस्टर्स ‘पतित’ म्हणून हिणवलेल्या बायकांना सांभाळत होत्या. या बायकांना इतक्या मायेने का वागवता, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंच्या धर्मांतरात या भेटीचा मोठा वाटा होता, हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उघडलं. त्यांचं धर्मांतर आपल्याला पटो न पटो, ज्या बाईला समाजाने घाण म्हटलं तिचा देहही देवाचाच आहे, हे त्यांनी करून दाखवलं.

आता आपल्याकडे बघा. शाळेच्या वाटेवर पोरीची छेड निघाली की पोरीची शाळा बंद होते. छेड काढणारा त्याच नाक्यावर उभा असतो. आठवीच्या मुलींना दुपट्ट्यावर भाषण मिळतं आणि त्याच तासाला मुलांना मैदानावर सोडतात. मग मुलगा असं शिकतो की पाकी ही बहिणीची जबाबदारी आहे, आपली नाही.

मुलींना आपण हजरत मरियम यांची गोष्ट आवर्जून सांगतो. मुलांना हजरत यूसुफ यांची सांगा. तरुण वय, परका मुलूख, बंद दरवाजे, मालकाची बायको बोलावते आहे, आणि हा दाराकडे पळतो. कुर्ता मागून फाटला, तीच त्यांच्या पाकीची निशाणी ठरली. ही कथा बायबलमध्येही आहे, त्यामुळे शेजारच्या ख्रिस्ती घरातही ती सांगता येईल.

अब्बांनी, मामांनी, मौलवीसाहेबांनी आणि आम्हा शिक्षकांनी मुलांना समोर बसवून, न लाजता, मोबाइलवर काय बघतो इथपासून बोलायला हवं. आणि छेड निघालीच, तर मुलीचं दप्तर काढून घेण्याआधी त्या मुलाच्या घरी जायला हवं.