कुणाची गं तू?

ऑफिसात एकदा ‘मी हाफ मॅरेथॉन पळणार आहे’ असं जाहीर केलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘वेट लॉससाठी का?’ आणि दुसरा, ‘मुंबई की पुणे?’ मी म्हटलं, सोलापूर. आमच्या टीम लीडनं कॉफीचा मग खाली ठेवला आणि अत्यंत काळजीनं विचारलं, ‘सोलापुरात पळतात?’

पळतात की! सॉलिड पळतात.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि त्यानंतर गावोगावी हे वेड पसरलं. मी स्वतः पुण्यात दोनदा दहा किलोमीटर पळलेय. तिथला फंडा सोपा असतो. टी-शर्ट घाला, कानात गाणी घाला, पळा, सेल्फी काढा, घरी या. हजारो लोकांत आपल्याला ओळखणारं कुणीही नसतं. दमलात? चाला. रडू आलं? रडा. कुणाला काय पडलंय! सोलापुरात मात्र दर शंभर पावलांवर कुणीतरी तुमचं निघतं. शाळेतल्या बाई, किराणा दुकानवाले, पप्पांचे मित्र, आत्याचे दीर. खरं सांगू का मंडळी, मला एकवीस किलोमीटरची भीती नव्हतीच. भीती होती ती या लोकांची.

आता थोडं मागे जावं लागेल. नववीत मी शाळेच्या टीममधून ८०० मीटर पळायचे. बरी पळायचे, बरं का! दुसरी-तिसरी यायचे. मग एक दिवस गल्लीतल्या कुणीतरी आईला सांगितलं, ‘तुमची पोरगी मैदानात चड्डीवर पळायली, सगळे बघायलेत.’ आईनं त्याच संध्याकाळी माझे स्पोर्ट्स शूज माळ्यावर टाकले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त म्हणाली, ‘दहावीचं वर्ष येतंय.’ सर घरी येऊन बसले, चहा पिऊन परत गेले. विषय संपला. पुढची पंधरा-सोळा वर्षं तो विषय आमच्या घरात कुणीही काढला नाही. मीसुद्धा.

म्हणून सोलापूरच. मुंबईत पळून काय उपयोग होता?

शुक्रवारी संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही गाडी म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या सोलापूरकरांची माहेरवाट आहे. आमच्या दहावीच्या बॅचमधले निम्म्याहून जास्त जण पुण्यात, उरलेले हैदराबाद-बंगळूरला. डब्यात लॅपटॉपच्या बॅगा, मळक्या कपड्यांच्या पिशव्या आणि कुर्डूवाडी गेलं की ‘काय बे, कधी आलास?’चे फोन सुरू. गाडीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते चौघे १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चार नावांत अख्खं सोलापूर आलं बघा.

शनिवारी बिब आणि टी-शर्ट घेऊन आले. जानेवारी म्हणजे सोलापुरात गड्ड्याचे दिवस. सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी होम मैदानावर पाळणे उभे राहत होते आणि शहराच्या अंगात एकूणच सण शिरला होता. रात्री नंदीध्वजांचा सराव दिसला. हे उंचच्या उंच, जड नंदीध्वज कमरेशी तोलून माणसं संक्रांतीच्या सुमारास पांढऱ्या बाराबंदीत अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर मिरवणुकीनं निघतात. असे सात नंदीध्वज. सराव आठवडे-आठवडे आधी सुरू होतो. मी बघत उभी राहिले. हे लोक एनर्जी जेल खात नाहीत, घड्याळात हार्ट रेट बघत नाहीत, आणि त्यांना कुणी ‘टायमिंग किती?’ असंही विचारत नाही! आम्ही मात्र दोन महिन्यांचं ट्रेनिंग एक्सेल शीटमध्ये भरतो.

घरी आल्यावर मी कपडे खुर्चीवर काढून ठेवले. आईची नजर शॉर्ट्सवर गेली.

‘हे घालून?’

‘हं.’

‘विजापूर रोडनं?’

‘हं.’

‘...कडक भाकरी खाणारेस का उद्या पळायच्या आधी?’

हा विषय टाळण्याचा तिचा प्रकार आहे. मी केळं खाईन म्हटलं. ती बराच वेळ शेंगाचटणीची बरणी पुसत बसली. आधीच स्वच्छ होती ती.

रविवारी पहाटे पप्पांनी स्कूटीवरून सोडलं. अंधार, मैदानावरचे फ्लडलाइट, डीजे आणि स्टेजवर झुंबा. हा झुंबा कुठल्याही मॅरेथॉनमध्ये सक्तीचा का असतो, हे मला अजून कळलेलं नाही. एकवीस किलोमीटर पळायचंय त्यांना आधीच नाचवून दमवायचं! पण समोर नऊवारीतल्या दोन काकू अशा काही मनापासून नाचत होत्या की मी गप्प बसले. त्या तीन किलोमीटरवाल्या होत्या. आपल्याकडे तीन किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात, आणि मला ते मान्य आहे. तसंही ४२.१९५ हा आकडा कुठून आला? १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू झाली आणि स्टेडियमात राजघराण्याच्या बॉक्ससमोर संपली, म्हणून! १९२१मध्ये तोच आकडा कायम झाला. राजवाड्याच्या सोयीपायी शंभर वर्षं जगाचे गुडघे दुखतायत. मग आमच्या काकूंनी तीन किलोमीटरला मॅरेथॉन म्हटलं तर बिघडलं कुठे?

टॉयलेटच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगा होता. विशीतला, काटक. मंगळवेढ्याकडचा. पोलीस भरतीची तयारी करतोय म्हणाला.

‘सोळाशे मीटर पाच दहाच्या आत निघतंय ताई. गोळाफेकला मार्क कमी पडायलेत.’

मी मनातल्या मनात हिशेब केला. भरतीत सोळाशे मीटरला पुरे मार्क हवे असतील तर हा वेग लागतो, म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटं. माझा एक किलोमीटर सात मिनिटांचा. त्याच्या बुटांचा सोल दोनदा सोल्युशननं चिकटवलेला दिसत होता. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं.

‘शूज कितीला पडले ताई?’

आठ हजारांचे होते. मी म्हटलं, ‘चार.’

‘चार!’ तो हसला. ‘आज बक्षीस बसलं तर शूजच घेणार हाय.’

मंडळी, खोटं बोलूनही मला लाज वाटली आणि खरं बोलले असते तरी वाटली असती. आपण शहरात ‘रनिंग हा सगळ्यात स्वस्त खेळ’ असं म्हणत असतो ना, ते आठवलं.

सहाला सुटलो. पहिले काही किलोमीटर मजेत गेले. थंडी, अंधार, चपलांचा नाही तर बुटांचा एकसारखा आवाज. माझ्या बाजूला एक डॉक्टर काका होते, पन्नाशी ओलांडलेले. ते सगळ्यांना सांगत होते, ‘सुरुवातीला हळू. पहिल्या पाचात जो उडतो तो शेवटच्या पाचात चालतो.’ मी अर्थातच ऐकलं नाही.

सोलापूर सपाट आहे असं आपल्याला वाटतं. स्कूटीवरून तसंच वाटणार! पळून बघा. विजापूर रोडला रस्ता असा काही हळूहळू चढतो की पोटऱ्यांना कळतं, डोळ्यांना कळत नाही. संभाजी तलावाजवळ धुकं होतं. आणि रस्त्याच्या कडेला माणसं! दूधवाले, शाली गुंडाळलेले आजोबा, शाळेची पोरं, बॅण्डवाले. ‘ओड्री, ओड्री!’ असं कुणी कन्नडमध्ये, ‘उरुकू, उरुकू!’ असं कुणी तेलुगूत, आणि ‘पळ की बे!’ हे तर खास आमचं. एकाच रस्त्यावर इतक्या भाषांत ‘पळ’ ऐकायला मिळणारी दुसरी मॅरेथॉन दाखवा मला. आमच्याकडे यंत्रमागावरची पद्मशाली मंडळी घरात तेलुगू बोलतात, सीमेपलीकडून आलेली कन्नड, आणि भांडण मात्र सगळे मराठीत करतात.

सातव्या किलोमीटरला समोरून पुढचे धावपटू परत येताना दिसले. तो मंगळवेढ्याचा मुलगा त्यांच्यात होता. मी सातव्यावर, तो चौदाव्यावर! मान ताठ, चेहऱ्यावर काहीच नाही. मला बघून हात वर केला आणि ओरडला, ‘चला की ताई!’ त्याच्या पुढे बरेच जण होते. मी मोजले. नको होते मोजायला.

वळसा घेतला तेव्हा उजाडलं होतं. चौदाव्यापर्यंत ऊन अंगावर आलं. सोलापूरचं ऊन, जानेवारीतलं असलं तरी ते ऊनच. डॉक्टर काका शांतपणे मला मागे टाकून गेले, आणि मागे वळून बघितलंही नाही. सभ्य माणूस! सोळाव्याला माझी डावी पोटरी आखडली आणि मी चालायला लागले. एका चिमुरड्या व्हॉलंटियरनं संत्र्याची फोड पुढे केली. पलीकडून एक आजी मला न्याहाळत होत्या. चालणाऱ्या माणसाला न्याहाळायला सोपं जातं.

‘कुणाची गं तू?’

झालं! हाच तो प्रश्न, ज्याला मी नववीपासून घाबरत होते. मी आडनाव सांगितलं, पप्पांचं नाव सांगितलं. आजींनी जरा आठवलं.

‘म्हंजे ते बँकेतले? अगं बाई! मग चालतीस कशाला? पाय दुखायलाय? बस इथं, तेल लावून देते.’

शॉर्ट्सबद्दल एक शब्द नाही. मी थँक्यू म्हटलं आणि लंगडत पळायला लागले. तेल लावून घ्यायचा मोह फार झाला होता, खोटं कशाला बोलू.

एकोणीस किलोमीटरच्या आसपास सात रस्ता आला. तिथे पुन्हा पोटरीनं संप पुकारला. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, आणि समोर आई दिसली.

ती येणार आहे हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. हातात लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची स्टीलची बाटली, बाजूला भिशीतल्या तिघी-चौघी मैत्रिणी. सगळ्या जणी नीट साड्या नेसून, लग्नाला आल्यासारख्या. त्यातल्या एकीनं मला ओळखलं नाही. मी घामानं निथळत होते, चेहरा लाल, केस कुठेही. त्यांनी आईला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, ‘कुणाची हो ती पोरगी?’

आई एक क्षण थांबली. मी तो क्षण अजून मोजतेय.

‘आमचीच,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘उभी काय राहायलीस? पळ की!’

बाटलीसुद्धा द्यायची विसरली बाई. मी पळाले.

हाफ मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर, थोडं जास्तच. त्या वरच्या मीटरांबद्दल मी काही बोलणार नाही. दोन तास एकेचाळीस मिनिटं. मेडल, केळं, गरम उप्पीट. मैदानावर तो मुलगा भेटला, भिंतीला टेकून बूट काढत होता. ‘थोडक्यात हुकलं ताई,’ म्हणाला. मग चिकटवलेला सोल बोटानं दाबून बघितला, अजून धरून आहे का ते. दुपारच्या एसटीनं परत जाणार होता, कारण सोमवारी पहाटे ग्राउंड असतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, ‘पुढच्या वेळी जरा लांब काहीतरी घाल. ऊन लागतं.’ ऊन! मी काही बोलले नाही. नववीचा विषय तेव्हाही निघाला नाही. मेडल तिनं दाराजवळच्या किल्ल्यांच्या खुंटीला अडकवलं. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं.

परवा रात्री तिचा फोन आला. शेजारच्या काकूंची सून सकाळी संभाजी तलावाकडे फिरायला जायला लागलीये. अंधारात एकटी कशी जाईल, म्हणून आई सोबत जाते. राखणीला, असं तिचं म्हणणं. गड्डा, पप्पांची शुगर, गॅसचा नंबर असं सगळं बोलून झाल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं,

‘ते तुझ्यासारखे बूट गं, सहा नंबरचे, कितीला पडतात पुण्यात?’

शेजारच्या सुनेचा नंबर काय मला माहीत नाही. आईचा सहा आहे.

मी पुन्हा चार हजारच सांगितले.