परसातला हिमवर्षाव

हौसेला मोल नसते म्हणतात. अमेरिकेच्या थंड उत्तर भागात या हौसेने मोठे गमतीचे रूप घेतले आहे. आकाशातून हिम पडेना, तर तेथील काही गृहस्थ ते आपल्या परसात स्वतःच पाडतात! मोटार धुण्याचा जोरकस पंप, हवा दाबणारा कॉम्प्रेसर, काही नळ्या आणि बारीक छिद्रांच्या तोट्या, एवढाच या यंत्राचा संसार. रात्रभर ते घरघरते आणि सकाळी मुले हिमावरून घसरत सुटतात.

कल्पना तशी जुनीच. १९५० साली कनेक्टिकट राज्यात वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या तिघांनी बागेची नळी, रंग फवारण्याचा कॉम्प्रेसर आणि एक तोटी जुळवून हिम पाडून दाखविले. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये कृत्रिम हिम वापरले गेले आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचा भार तर जवळजवळ सर्वस्वी त्यावरच होता.

परंतु एकदा हिम पडू लागले की हौशी माणसाला दुसरा प्रश्न छळू लागतो : ते अधिक कसे पडेल? चटकन सुचणारे उत्तर म्हणजे मोठा पंप. माझ्या मते हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकते हे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घेण्याजोगे आहे.

एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. घरगुती यंत्र मिनिटाला ८ लिटर पाणी फवारते असे धरले, तर मिनिटाला ६४० किलोकॅलरी झाल्या. म्हणजे एकेक किलोवॅटच्या सुमारे ४५ शेगड्या परसात एकदम पेटविल्यासारखे! ही उष्णता पंप नेत नाही, हवा नेते. पाणी दुप्पट केले तर उष्णताही दुप्पट होते. हवेला ती पेलली नाही तर हिमाऐवजी चिखलासारखा ओला लगदा पडतो, आणि पहाटे त्याची दगडासारखी लादी होते.

हवा किती उष्णता पेलील, हे केवळ थंडीवर ठरत नाही. आपला माठ कोरड्या उन्हाळ्यात पाणी गार करतो, पावसाळी दमट हवेत करीत नाही. तोच न्याय येथे लागू. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक पाहतो. त्याचा पारा शून्याखाली सुमारे २ अंशांवर उतरला की हिम पाडण्याची वेळ आली. हवा पुरेशी कोरडी असेल, तर साधा तापमापक शून्याच्या किंचित वर असतानाही हे साधते.

मग उत्पादन वाढवावे कसे? थेंब बारीक करावेत, म्हणजे त्यांना हवा अधिक लागते. तोटी उंच खांबावर चढवावी, म्हणजे थेंब अधिक वेळ हवेत राहतात. आणि विरजण नीट लावावे! बारीक थेंब शून्याखालीही द्रवच राहू शकतात. दाबलेल्या हवेबरोबर थोडे पाणी सोडले की ती हवा प्रसरण पावताना गार होते, सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि बाकीचे थेंब त्यांच्या संगतीने गोठतात. एवढे झाल्यावर, रात्र जसजशी थंडावेल तसतसे पाणी वाढवावे.

कोणी म्हणेल, खेळापायी पाण्याची ही उधळपट्टी कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. एक घनमीटर कृत्रिम हिमाला ४०० ते ५०० लिटर पाणी लागते. परसात ते खपून जाईल. डोंगरच्या डोंगर झाकायचे म्हटल्यावर हिशेब वेगळा होतो. हिवाळे उबदार होऊ लागले तसे बर्फावरील खेळांची ठिकाणे अधिकाधिक तोट्या बसवू लागली. पण या तोट्या थंडीचा उपयोग करतात, थंडी निर्माण करीत नाहीत. पंप विकत मिळतो, थंड रात्र मिळत नाही.

‘उत्पादन वाढवा’ ही घोषणा आपण सर्वांनीच ऐकली आहे. ज्याच्या आधारावर उत्पादन होते त्याची शक्ती किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. परसातल्या त्या हौशी माणसाला तो दर रात्री विचारावा लागतो. म्हणूनच माझा त्याला सल्ला आहे : दुसरा पंप आणण्यापूर्वी ओल्या फुग्याचा एक तापमापक आणावा. तो स्वस्तही पडेल आणि खरेही सांगेल.