मोराच्या पलीकडची पैठणी

आपल्या कोणत्याही समारंभात पैठण्या मोजायला बसलात तर पंधरा-वीस सहज भरतील. त्यांतल्या बहुतेकींच्या पदरावर मोर असतो, नाहीतर मुनिया. मोराशी माझे वैर नाही. पण पैठणी म्हणजे मोर, ही समजूत मला खटकते. पैठणी ही आधी विणण्याची एक रीत आहे, नक्षी त्यानंतर येते. त्या रीतीत जेवढी ताकद आहे, तिचा फार लहान भाग आज मागावर उतरतो, आणि याला गिऱ्हाइकाचा आग्रह बराचसा कारणीभूत आहे, असे माझे मत आहे.

आधी रीत समजून घेऊ. साध्या कापडात आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात तसे होत नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. हिरवा धागा पोपटाच्या पंखापुरताच जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून खरी पैठणी उलटी केली तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. युरोपात ज्याला टॅपेस्ट्री म्हणतात, त्याचे तत्त्व हेच. चीनमधले ‘कसू’ नावाचे रेशमी विणकाम, काश्मीरची कानी शाल, तुर्कस्तान-इराणकडचे किलीम ही सगळी याच कुळातली. येवल्याचा विणकर या मोठ्या घराण्यातला माणूस आहे, पण आपण त्याला फक्त साडीवाला म्हणून ओळखतो.

या घराण्यातल्या इतरांनी विसाव्या शतकात काय केले पाहा. मुंबईच्या नेली सेठना अमेरिकेतील क्रॅनब्रूक येथे मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडे शिकल्या आणि परतल्यावर विणकामात प्रयोग करत राहिल्या. मोनिका कोरिया मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनी. १९६२ मध्ये अमेरिकेत त्यांची याच स्ट्रेंगेलबाईंशी गाठ पडली, आणि पुढे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात त्या विणकाम शिकल्या. त्यांनी एक साधी पण धाडसी गोष्ट केली. मागाची फणी उभे धागे सरळ आणि समान अंतरावर ठेवते. कोरियाबाईंनी विणता विणता ती फणीच काढून टाकली. उभे धागे मोकळे झाले, नदीसारखे वळणे घेऊ लागले. चित्र रंगातून न येता धाग्याच्या चालीतून आले. आपले चित्रकार प्रभाकर बरवे यांनीही अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. म्हणजे चित्रकार आणि विणकर एका छपराखाली बसण्याची सोय आपल्याकडे होती.

पोताचा प्रयोग म्हणजे नुसती हौस नव्हे, त्याला शिस्त लागते. उभा धागा पक्का आणि एकसारखा हवा, आडवा मात्र जवळजवळ काहीही चालतो. लोकर ठोकली की दबते आणि उभ्या धाग्याला झाकून टाकते. काथ्या दबत नाही, तो ताठ उभा राहतो आणि सावली पाडतो. जर उजेड परत फेकते, पण फार ठोकली तर तिचा वर्ख जातो. जाड आणि बारीक धागा शेजारी आले की ताण बिघडतो, कड आत ओढली जाते. दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत न अडकवता सोडले, तर फट राहते. पैठणीत ती चालत नाही. भिंतीवरच्या कामात मात्र तीच फट रेघेचे काम करते. आता कल्पना करा: येवल्याचे रेशीम आणि सणगरांच्या घोंगडीची हातकताईची काळी, खरखरीत लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली, एकाच पदरात. एक गुळगुळीत, एक राकट. दोन्ही महाराष्ट्राचीच, पण एका मागावर सहसा कधी न भेटलेली.

मग येवल्यात हे का होत नाही? कारण प्रयोग फसू शकतो. भरजरी पदराच्या साडीला महिने लागतात. ज्याचे घर मागावर चालते, त्याने तीन महिने घालून न खपणारी वस्तू का विणावी? मागणी ‘आजीच्या पैठणीसारखीच’ अशी असेल, तर तो मोरच विणणार. आणि नेमका मोर यंत्राला सहज जमतो. जॅकार्डवर विणलेली नक्कल थोड्या किमतीत मिळते. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला संरक्षण आले, पण गिऱ्हाइकाची नजर कायद्याने तयार होत नाही. मोराच्या चित्राची नक्कल होते. दर ओळीला हाताने घेतलेल्या निर्णयातून उठलेल्या पोताची नक्कल करणे फार अवघड. म्हणजे प्रयोग हे विणकराचे संरक्षणही आहे.

‘परंपरा मोडेल’ ही भीती मी ऐकली आहे. त्यावर उत्तर आपल्या ईस्ट कोस्टलाच आहे. कटाँग आणि जू चियाटच्या दुकानांत न्योन्या केबाया पाहा. त्यावरचे बारीक भरतकाम पायाने चालवायच्या शिलाई यंत्रावर होऊ लागले, कापड परदेशी तलम व्हॉइल आले. त्यामुळे ती कमी पेरानाकन ठरली नाही. २०२४ मध्ये युनेस्कोने पाच देशांची केबाया मानवी वारशाच्या यादीत घेतली. साडी विणली जावी, नेसली जावी, तिच्याशिवाय विणकराची चूल पेटत नाही हे खरेच. माझे म्हणणे एवढेच, की साडीच्या शेजारी आणखी एक छोटा माग चालू द्यावा, आणि त्याचा धोका विणकराने नव्हे, आपण घ्यावा.

म्हणून एक सूचना. पुढच्या वर्षी रंगमंचामागे थर्मोकोल लावण्याऐवजी मंडळाने येवल्याच्या एखाद्या विणकराकडून दोन हात लांबीरुंदीचा भिंतीवरचा तुकडा विणून घ्यावा. मजुरी दिवसाप्रमाणे द्यावी, नगाप्रमाणे नको. फसलेल्या नमुन्यांचेही पैसे द्यावेत आणि ते नमुनेही मांडून ठेवावेत. मोर हवा की नको, ते त्याच्यावर सोपवावे.

आणि इथे वाढलेल्या मुलामुलींसाठी: जुन्या फोटोची चौकट घ्या, वरखाली खिळे ठोका, पक्का सुती दोरा ताणा. आडवे काहीही घाला. गाठोडी बांधायचा इथला गुलाबी राफिया, काथ्या, आईच्या फाटलेल्या साडीच्या चिंध्या. मलय शेजारी मेंगकुआंगच्या पानांच्या चटया विणतात, ते झाड आपल्या केवड्याच्याच कुळातले. तेही घालून पाहा. पहिली वीत वाकडी येईल. ती विणल्यावर आईच्या कपाटातली पैठणी उलटी करून बघा. त्या पदराला किती निर्णय लागले, ते तुमच्या बोटांना कळेल, आणि ती पेटीत पडून राहावी असे तुम्हालाच वाटणार नाही.